न विचारलेला प्रश्न : हेरकथा, मैत्री आणि संदिग्ध शेवट

१

जॉन ल कॅरे यांच्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ (१९७४) या कादंबरीचा शेवट सदोष आहे, असे मी जवळजवळ बारा वर्षे वर्गात सांगत आलो. तो सदोष नाही, किंबहुना त्या कादंबरीला दुसरा कोणताही शेवट शोभला नसता, असे आज मला वाटते. हे मतपरिवर्तन एखाद्या समीक्षाग्रंथाच्या वाचनामुळे घडलेले नाही. ते कसे घडले हे सांगायचे तर कादंबरीबरोबरच माझ्याबद्दलही थोडे सांगावे लागेल. समीक्षकाने स्वतःविषयी बोलू नये, हा संकेत मला मान्य आहे. तथापि काही प्रश्न असे असतात की त्यांचा विचार करताना विचार करणाऱ्याला बाजूला ठेवले तर प्रश्नच निसटून जातो. मैत्रीचा प्रश्न त्यांपैकी एक आहे.

ही कादंबरी मला मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळाली. त्या वेळी मी एका जिल्ह्याच्या गावी इंग्रजीचा अधिव्याख्याता होतो. रहस्यकथेची आवड लहानपणापासूनची. बाबुराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजय यांनी ती पोसलेली होती. त्या कथांनी वाचकाशी एक अलिखित करार केलेला असे. मधल्या पानांत धुके कितीही दाटले तरी शेवटी ते निवळेल, आणि गुन्हेगाराच्या नावाबरोबरच त्याने ते कृत्य का व कसे केले हेही आपल्याला कळेल, असा तो करार. ल कॅरे यांची कादंबरी मी याच करारावर विसंबून वाचू लागलो. तीनचतुर्थांशाहून अधिक भाग तिने हा करार पाळला आणि नेमक्या अखेरीस मोडला, अशी माझी तक्रार होती.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी कथानकाचा सांगाडा देतो. ब्रिटिश गुप्तहेर खात्याच्या वरिष्ठ वर्तुळात सोव्हिएत संघाचा एक हस्तक वर्षानुवर्षे दडून बसलेला आहे. निवृत्त व्हावे लागलेला अधिकारी जॉर्ज स्मायली जुनी कागदपत्रे वाचून आणि जुन्या सहकाऱ्यांशी बोलून त्याचा माग काढतो. हा हस्तक म्हणजे बिल हेडन : बुद्धिमान, देखणा, चित्रकार, सर्वांचा लाडका. त्याच्या फितुरीची सर्वांत मोठी किंमत मोजतो तो जिम प्रिडो. ऑक्सफर्डच्या दिवसांपासून हे दोघे जिवलग मित्र. जिमला हेरखात्यात आणण्याची शिफारसही हेडनच्याच पत्राने झालेली. हस्तकाचे नाव मिळवण्यासाठी जिमला चेकोस्लोव्हाकियात पाठवले जाते. ती मोहीम आधीच फुटलेली असते. त्याच्या पाठीत गोळ्या घातल्या जातात, तो पकडला जातो, त्याचे हाल होतात. पुढे तो मायदेशी परततो आणि मुलांच्या एका सामान्य निवासी शाळेत फ्रेंच शिकवू लागतो. आवारातल्या एका खोलगट जागी, आपल्या जुन्या कॅरव्हॅनमध्ये, तो एकटा राहतो. अखेरीस हेडन पकडला जातो. त्याला मॉस्कोच्या स्वाधीन करण्याची तयारी चालू असतानाच एका रात्री तो बंदिवासाच्या आवारात मृतावस्थेत सापडतो. त्याची मान मोडलेली असते. ती कोणी मोडली हे कादंबरी सांगत नाही. शेवटचे पान पुन्हा शाळेत जाते. जिम परत आलेला आहे, आणि बिल रोच नावाचा एक लठ्ठ, एकाकी विद्यार्थी त्याच्याकडे बघतो आहे.

२

१९८८ साली आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापनाकडे एक निनावी पत्र आले. आईच्या आजारपणाचे कारण देऊन मी चार दिवसांची रजा घेतली, प्रत्यक्षात मात्र दुसऱ्या एका विद्यापीठात मुलाखतीला गेलो, असे त्यात लिहिले होते. मजकूर खरा होता. प्राचार्यांनी मला बोलावून ते पत्र वाचायला दिले, खुलासा मागितला, एक लेखी समज दिली आणि प्रकरण मिटवले. माझे फारसे नुकसान झाले नाही. ती दुसरी नोकरी तशीही मला मिळाली नव्हती.

मुलाखतीला जाणार असल्याचे मी एकाच माणसाला सांगितले होते. तो मराठी विभागात भाषाविज्ञान शिकवीत असे. रोज दुपारी आम्ही एकत्र चहा घेत असू. एकमेकांचे लेख छापायला जाण्यापूर्वी वाचत असू. त्याच्या मुलीच्या बारशाला नाव सुचवणाऱ्यांत मी होतो. पत्र मराठी टंकलेखनयंत्रावर लिहिलेले होते, आणि त्यात दोन ठिकाणी ‘अर्थात्’ हा शब्द पाय मोडून छापलेला होता. १९६२च्या शुद्धलेखन-नियमांनी असे शब्द पाय न मोडता लिहावेत असे ठरवून दिले होते. माझ्या मित्राला तो नियम मान्य नव्हता. नियमावर तो वर्गात आणि वर्गाबाहेर टीका करी आणि स्वतः ‘अर्थात्’, ‘क्वचित्’ असेच लिही. शैलीवरून कर्ता ओळखण्याची विद्या मी शिकवीत होतो. तिचा असा उपयोग होईल असे मला वाटले नव्हते.

तथापि न्यायबुद्धीने हेही नोंदवायला हवे की त्या गावात पाय मोडून लिहिणारा तो एकटा नव्हता. आमचे संस्कृतचे प्राध्यापक तसे लिहीत. कार्यालयातील जुने अधीक्षकही तसे लिहीत, आणि यंत्र तर त्यांच्याच टेबलावर असे. मला रेल्वे स्थानकावर कोणी पाहिले नसेल असेही नाही. म्हणजे पुरावा होता, आणि तो पुरेसा नव्हता.

मी त्याला विचारले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नेहमीप्रमाणे चहा घेतला. मी लेखी समजेची हकीकत सांगितली. तो म्हणाला, ‘वाईट झालं.’ मग आम्ही दुसऱ्या विषयावर बोललो. अशी आणखी अनेक वर्षे गेली. या काळात मैत्री होती की मैत्रीची सवय होती, हे मला नक्की सांगता येणार नाही.

नेमक्या याच सुमारास मी ल कॅरे यांची कादंबरी एम.ए.च्या वर्गात शेवटांच्या चर्चेसाठी वापरू लागलो होतो, आणि तिच्या संदिग्ध शेवटावर मी जी टीका करीत असे ती गरजेपेक्षा अंमळ अधिक तीव्र असे. या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा माझ्या ध्यानात आला नाही.

३

माझा आक्षेप सैद्धांतिक भाषेत मांडलेला होता. त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली गुप्तहेरकथेच्या प्रकारांचा विचार करताना दाखवून दिले, की अशा कथेत वस्तुतः दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, जी घडून गेलेली आहे पण संहितेत अनुपस्थित आहे. दुसरी तपासाची, जी संहितेत उपस्थित आहे पण जिचे स्वतःचे महत्त्व नाममात्र आहे. तपासाची कथा गुन्ह्याच्या कथेला अनुपस्थितीतून उपस्थितीत आणते, आणि ते कार्य संपले की तीही संपते. ‘टिंकर टेलर’मध्ये हे कार्य हेडन पकडला जातो तेथे पूर्ण होते. त्यानंतर लेखक एक नवा गुन्हा घडवतो आणि त्याचा तपासच करीत नाही. स्मायलीसारखा तपासक हाताशी असताना हा खून उलगडल्याविना का राहावा? मी याला रूपबंधातील त्रुटी म्हणत असे. लेखकाला धाडस झाले नाही, असेही एकदोनदा म्हणालो असेन.

२००१च्या सुमारास एका विद्यार्थिनीने मला मध्येच थांबवले. ती म्हणाली, ‘सर, जिमनेच मारलं हे तुम्हाला माहीत आहे. आम्हाला सगळ्यांनाही कळलं आहे. मग लेखकानं आणखी काय सांगायला हवं आहे?’

प्रश्न साधा होता. मी काहीतरी उत्तर दिले. पण घरी येऊन कादंबरी पुन्हा वाचली तेव्हा तिचे म्हणणे अक्षरशः खरे असल्याचे दिसले. कादंबरीच्या आरंभीच्या भागात, शाळेच्या वर्गात धुराड्यातून एक घुबड पडते, आणि जिम त्याला बाहेर नेऊन इतक्या सफाईने मारतो की मुले थक्क होतात. हा प्रसंग तेथे विनाकारण आलेला नाही. रोचने एका रात्री जिमला जमिनीत पुरलेले पिस्तूल उकरून काढताना पाहिलेले आहे. हेडनच्या मृत्यूच्या वेळी जिम शाळेत नाही. म्हणजे ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर संहितेने देऊन ठेवले आहे. फक्त ते वाक्य लिहिलेले नाही.

मग संदिग्धता नेमकी कशाची आहे? येथे आपल्या काव्यशास्त्रातील एक भेद मला उपयोगी वाटतो. ध्वनीचा विचार करताना आनंदवर्धन आणि त्यांच्या मागोमाग अभिनवगुप्त यांनी वस्तुध्वनी, अलंकारध्वनी आणि रसध्वनी असे तीन प्रकार मानले. पहिल्या दोहोंत जे सुचवले जाते ते, मनात आणले तर, वाच्यही करता येते. सुचवण्याने सौंदर्य वाढते इतकेच. रसाचे तसे नाही. शोक हा शब्द उच्चारल्याने शोकाचा प्रत्यय येत नाही. रस वाच्य होऊच शकत नाही, तो केवळ व्यंजनेनेच जाणवतो. हा भेद ‘टिंकर टेलर’च्या शेवटाला लावून पाहावा. जिमने हेडनला मारले, ही वस्तू आहे. ती एका वाक्यात सांगता आली असती. परंतु ते मारणे काय होते? सूड होता? ज्यांचे प्राण हेडनने विकले त्यांच्या वतीने दिलेली शिक्षा होती? मॉस्कोच्या एखाद्या खोलीत विस्मृतीत झिजत जाण्यापासून मित्राची केलेली सुटका होती? की त्याला परक्यांच्या हाती न देण्याची, प्रेमातली अखेरची मालकी होती? हे वाच्य करता येत नाही. केले तर त्यांपैकी एकच उरेल आणि बाकीचे खोटे ठरतील. ल कॅरे यांनी वस्तू जवळजवळ उघड ठेवली, कारण तिला लपवून काहीच साधणार नव्हते. पण ती वाक्यात मांडली नाही, कारण वाक्य लिहिताच ‘का?’ हा प्रश्न मागोमाग आला असता आणि त्याचेही वाक्य करावे लागले असते.

मी बारा वर्षे ज्याची मागणी करीत होतो ती माहिती नव्हती. माहिती माझ्याजवळ होती. मला हवा होता तो जबाब.

४

शेवटच्या पानाकडे थोडे बारकाईने पाहू. निवेदन येथे रोचच्या दृष्टिकोनातून होते. या मुलाच्या आईवडिलांचे संबंध तुटलेले आहेत. सत्राच्या उरलेल्या दिवसांत जिमचे वागणे त्याला ओळखीचे वाटते : वडील घर सोडून गेले तेव्हा आई जशी वागली तसे. जिम बारीकसारीक कामांत स्वतःला गुंतवून घेतो. शाळेच्या नाटकाची प्रकाशयोजना करतो, फुटबॉलची जाळी सुतळीने दुरुस्त करतो, फ्रेंचच्या तासाला किरकोळ चुकांवर फार मेहनत घेतो. लांब फिरायला जाणे, एकट्याने गोल्फ खेळणे, अशा मोठ्या गोष्टी मात्र त्याने सोडून दिल्या आहेत.

या एका उपमेत कादंबरीचा सारा निवाडा आहे, असे मला वाटते. अपराधी कसा वागतो, सूड पुरा झालेला माणूस कसा वागतो, हे मुलाला ठाऊक नाही. सोडून गेलेल्या माणसामागे उरलेले माणूस कसे वागते एवढे त्याला ठाऊक आहे, आणि जे त्याला दिसते ते तेच आहे. हेरकथेची भाषा ज्याला खून म्हणेल त्याला रोचची नजर विरह म्हणते. ल कॅरे यांनी शेवट स्मायलीच्या हाती न देता या मुलाच्या हाती दिला, कारण स्मायलीला कागदपत्रे वाचता येतात, आणि येथे कागदपत्र नव्हतेच.

आणि अगदी अखेरीस रोच स्वतःची समजूत घालतो, की ते पिस्तूल म्हणजे आपल्याला पडलेले एक स्वप्न होते. मी पूर्वी हे वाक्य वाचकाला दिलेली हुलकावणी समजत असे. आता वाटते, कादंबरीतील सर्वांत गंभीर कृती हीच आहे. सगळ्या पुस्तकात प्रत्येक जण दुसऱ्यावर नजर ठेवतो, नोंदी करतो, वर कळवतो. या शाळेतला सर्वांत चांगला टेहळ्या हा मुलगाच आहे, आणि हा गुण त्याच्यात जिमनेच हेरलेला आहे. त्याने पाहिले आहे, त्याला आठवते आहे. आणि तो आपल्या साक्षीचा त्याग करतो. हेराला जे कधीच जमत नाही ते तो मित्र म्हणून करतो.

२०११ साली टोमास आल्फ्रेडसन यांनी या कादंबरीवर केलेला चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तो उत्तम चित्रपट आहे. पण त्यात जिम दुरून बंदुकीने नेम धरतो, हेडन त्याला पाहतो, गोळी लागते, एकाच्या गालावर अश्रू आणि दुसऱ्याच्या गालावर रक्त उतरते. दृश्य विलक्षण परिणामकारक आहे, पण त्याने सारे ठरवून टाकले आहे. शिवाय मान मोडायला जितके जवळ जावे लागते तितके जवळ जाण्याची गरज बंदुकीला नसते. कादंबरीतला मृत्यू मिठीच्या अंतरावर घडतो, आणि त्या अंतरावर काय बोलले गेले, किंवा काहीच बोलले गेले नाही का, हे आपल्याला ऐकू येत नाही. कॅमेऱ्याला तेथे जाता आले असते. कादंबरी मुद्दाम गेली नाही.

५

संदिग्ध शेवट हेरकथेला एरवीही शोभतो, कारण ते जगच फसवणुकीचे आहे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. मला हे कारण अपुरे वाटते. फसवणुकीच्या जगाची कथा अगदी नेमक्या उलगड्याने संपवता येते. हेरकथेत मैत्री आली की मात्र परिस्थिती बदलते, कारण मैत्रीतले ज्ञान माहितीच्या जातीचे नसते.

हेडन पकडला जातो त्या क्षणी स्मायलीच्या मनात येते, की हे आपल्या सर्वांना कुठेतरी आतून माहीतच होते. एखाद्या दुखण्याप्रमाणे, उच्चारले नाही तर ते आपोआप बरे होईल अशा आशेने प्रत्येकाने ते अर्धे ज्ञान स्वतःशी दडपून ठेवले होते. जिमच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी तो हेडनला भेटून गेला होता. मित्राला सावध करायला गेला होता, की त्याच्याकडून नकार ऐकायला, हे कळत नाही. बहुधा त्यालाही कळले नसावे. हे अज्ञान नव्हे आणि ज्ञानही नव्हे. मित्राविषयी आपल्याला जे कळते ते वापरायचे नाही, असे ठरवून ठेवलेले ते ज्ञान आहे. कादंबरी शेवटी वाचकालाही याच अवस्थेत आणून सोडते. त्याला माहीत असते, आणि त्याच्याजवळ पुरावा नसतो. आशय आणि रूपबंध यांची एकरूपता ज्याला म्हणतात ती येथे या अर्थाने साधली आहे.

ल कॅरे यांना हेडनची कल्पना सुचली ती किम फिल्बीवरून, हे सर्वश्रुत आहे. फिल्बीचा जन्म १९१२ साली अंबाल्यात झाला आणि ‘किम’ हे टोपणनाव किपलिंग यांच्या कादंबरीवरून पडले. जानेवारी १९६३मध्ये त्याचा जुना मित्र आणि सहकारी निकोलस एलियट त्याची कबुली घ्यायला बैरूतला गेला. फिल्बीने अर्धवट कबुली दिली. एलियट परतला, आणि त्याच महिन्यात फिल्बी बैरूतहून नाहीसा झाला व मॉस्कोला पोचला. त्याच्यावर पुरेसा पहारा ठेवला गेला नाही, हा हलगर्जीपणा होता, खात्याची सोय होती, की मित्राने मित्रासाठी ठेवलेले उघडे दार होते, हा वाद अद्याप मिटलेला नाही. एलियट याने आपली बाजू पुढे अनेकदा सांगितली, आणि त्याने प्रश्न सुटला नाही. जबाब मिळाला तरी मैत्रीचा प्रश्न त्यातून सुटत नाही, याचे हे उदाहरण आहे.

ज्या पुस्तकावरून त्याला नाव मिळाले त्या ‘किम’चाही (१९०१) शेवट याच जातीचा आहे, याकडे लक्ष वेधावेसे वाटते. तीही हेरकथा आहे आणि तीही मैत्रीची कथा आहे. पोरका मुलगा एका तिबेटी लामाचा चेला होऊन हिंदुस्थानभर फिरतो, आणि त्याच प्रवासात ब्रिटिश हेरखात्याची कामे करतो. लामाला नदी सापडते, आपण आपल्या चेल्यासाठीही मुक्ती मिळवली आहे असे तो त्याला सांगतो, आणि पुस्तक संपते. किम लामाच्या वाटेने जाणार की सरकारच्या, हे सांगितलेले नाही. एडमंड विल्सन यांना १९४१ साली यात लेखकाने संघर्ष टाळल्याचे दिसले. १९८७ साली एडवर्ड सैद यांनी असे प्रतिपादन केले, की किपलिंग यांच्या दृष्टीने तेथे संघर्षच नव्हता, कारण साम्राज्य त्यांना स्वाभाविक वाटत होते. सैद यांचे विवेचन राजकीय अंगाने मला पटते. पण एक गोष्ट दोघांच्याही चर्चेत मागे पडते. किम लामाशी कधी उघड खोटे बोलत नाही, आणि आपण कोणासाठी काम करतो हे त्याला कधी नीट सांगतही नाही. लामा विचारत नाही. त्या दोघांचे प्रेम या न विचारण्यावर उभे आहे. शेवट स्पष्ट करायचा तर लामाला एक प्रश्न विचारावा लागला असता, आणि मग ते प्रेम दुसरेच काही झाले असते.

६

या भूमिकेवर दोन आक्षेप येऊ शकतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की संदिग्ध शेवट ही अनेकदा लेखकाची पळवाट असते. हे खरे आहे. परंतु धूसरता आणि संदिग्धता यांत फरक करायला हवा. विल्यम एम्पसन यांनी १९३० साली संदिग्धतेचे सात प्रकार सांगितले, तेव्हा त्यांचा भर शब्दांत खरोखर असलेल्या पर्यायी अर्थांवर होता. वाचकाने हवे ते भरून घ्यावे अशा रिकाम्या जागेवर तो नव्हता. ‘टिंकर टेलर’च्या शेवटी काहीही मानायला मोकळीक नाही. घुबड, पिस्तूल, गैरहजेरी आणि सुतळीने शिवलेली जाळी यांनी पर्याय काटेकोरपणे मर्यादित केले आहेत. जेथे लेखकाने एवढे काम केलेले नसते तेथे संदिग्धतेचे श्रेय देऊ नये.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. न विचारणे हा नेहमीच सद्गुण असतो काय? हेडनला कोणी विचारले नाही म्हणूनच त्याने पकडून दिलेली माणसे मेली. ती माणसेही कोणाची तरी मित्र होती. देश आणि मित्र यांपैकी एकाचा विश्वासघात करण्याची वेळ आली तर देशाचा करण्याचे धैर्य आपल्यात असावे, अशी आशा ई. एम. फॉर्स्टर यांनी १९३८ साली व्यक्त केली होती. ल कॅरे यांची कादंबरी जणू त्याला उत्तर देते, की हेडनने दोन्ही विश्वासघात एकाच वेळी केले, आणि प्रत्यक्षात बहुधा तसेच घडते. म्हणून कादंबरी प्रश्न विचारण्याचे काम टाळत नाही. स्मायली तीनशेहून अधिक पाने प्रश्नच विचारतो आणि त्याने विचारायलाच हवे होते. सार्वजनिक अपराधाचा छडा पूर्णपणे लागतो. संदिग्धता त्यानंतर येते, आणि जे दोन माणसांच्या मध्ये उरले तेवढ्यापुरतीच ती आहे. ही सीमारेषा लेखकाने कोठे आखली हे पाहणे, म्हणजेच अशा शेवटाचे मूल्यमापन करणे होय.

७

माझ्या प्रकरणात सार्वजनिक अपराध झालाच असेल तर तो माझा होता, आणि त्याचा छडा लागला होता. उरले होते ते दोघांमधले.

निनावी पत्रानंतर वर्षभराने माझ्या मित्राने माझ्याकडून ही कादंबरी वाचायला नेली होती. परत देताना मी नेहमीप्रमाणे शेवटाविषयी कुरकूर केली. तो म्हणाला, ‘मला तर शेवट बरोबर वाटला. त्या पोराला कळलंय सगळं.’ मी वाद घातला. तो हसला आणि त्याने चहा मागवला.

२०१२ साली तो गेला. त्यानंतर हे वाक्य मी अनेक वेळा मनात उलटसुलट करून पाहिले. त्यात कबुली होती काय? क्षमेची विनंती होती? की भाषाविज्ञान शिकवणाऱ्या एका चांगल्या वाचकाने माझ्याआधी बारा वर्षे केलेले ते केवळ एक अचूक वाचन होते? एकेकाळी मी ‘अर्थात्’च्या मोडक्या पायावरून निष्कर्ष काढायला बसलो होतो. आता या वाक्यावरून तसेच करू पाहतो आहे, हे ध्यानात आल्यावर मी थांबलो. दोन्ही वेळा मी त्याचे बोलणे वाचत नव्हतो, त्याच्याविषयीची नस्ती तयार करीत होतो.

वर्गात आता मी या शेवटाला सदोष म्हणत नसे, एवढा बदल निवृत्तीपर्यंतच्या वर्षांत झाला. विद्यार्थी विचारीत, की जिमने का मारले. मी त्यांना जाळीचा परिच्छेद पुन्हा वाचायला सांगत असे. काहींचे समाधान होई, काहींचे होत नसे. ज्यांचे होत नसे त्यांच्याशी मी वाद घालत नसे, कारण त्या बाकावर मी बारा वर्षे बसलो होतो.

ती प्रत अजून माझ्याजवळ आहे. मित्राने तिच्यात कोठे खूण केली आहे का, हे मी एकदाही पाहिलेले नाही असे म्हणणे खोटे होईल. पाहिले आहे. पाने कोरी आहेत.